कापूस, शेंगदाणा, केळी : खानदेशी उद्योगाची पार्श्वभूमी

खानदेशचा माल वर्षानुवर्षं कच्चाच बाहेर जात राहिला. कापसाच्या गाठी मुंबईला आणि तिथून बोटीने विलायतेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. युद्ध संपलं, भाव कोसळला. पिकवणार आपण आणि भाव ठरवणार सातासमुद्रापलीकडचा कुणीतरी, हे तेव्हाच कळून चुकलं. पुढे या भागात जे मोठे उद्योजक झाले, त्यांची दूरदृष्टी मला इथेच दिसते: गाडीत भरून जाणाऱ्या मालावर आपल्याच गावात काय करता येईल, हे त्यांनी पाहिलं.

जळगावच्या आणि अमळनेरच्या कापड गिरण्या ही त्याची पहिली खूण. अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पण शेठजी गिरणीवर थांबले नाहीत. १९१६ साली त्यांच्या आश्रयाने तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात तत्त्वज्ञानाची संस्था काढायची, हेही धाडसच. साने गुरुजी इथे शिकायला आले आणि १९२४ पासून सहा वर्षं गावच्या शाळेत मास्तर होते.

याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. आजूबाजूला भुईमूग होता आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग दाराशी होता. कारखान्यात वनस्पती तूप निघे, तेलाच्या जोडीने कपडे धुण्याचा ‘७८७’ साबण. १९६६ साली हाशमशेठ वारले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण अर्धवट सोडून तो परतला. ही कंपनी म्हणजेच पुढची विप्रो. १९७०च्या दशकाअखेर आयबीएमने भारत सोडला, तेव्हा तेल-साबणवाल्या या कंपनीने संगणकात हात घातला. त्या निर्णयाचं कौतुक सगळे करतात. मला अमळनेरकरांचंही तेवढंच वाटतं. कंपनीचे शेअर घेऊन ते पेटीत जपून ठेवणारी, अडीनडीलाही न मोडणारी घरं या गावात आहेत. पुढे त्यांच्या पदरात जे पडलं ते सर्वांना ठाऊक आहे, पण घेताना त्यांच्यासमोर फक्त तुपाचा एक कारखाना होता.

भवरलाल जैन यांची गोष्ट याहून जास्त मातीतली. जन्म १९३७चा, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा, अजिंठ्याच्या पायथ्याशी. सरकारी नोकरीची संधी त्यांनी नाकारली. १९६३ साली घरात पिढ्यांनी साठवलेले ७,००० रुपये घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली, तेही हातगाडीवरून. मग बी-बियाणं, खतं, पंप. १९७८ साली बंद पडलेला केळी पावडरीचा कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढायला सुरुवात केली. ते थेट परदेशात जाऊ लागलं. त्यानंतर पीव्हीसी पाइप आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन, म्हणजे नळीने पिकाच्या मुळाशी थेंबथेंब पाणी.

भवरलालजींच्या, म्हणजे मोठ्या भाऊंच्या, आयुष्यातला माझ्या लेखी सर्वांत धाडसाचा प्रसंग मात्र वेगळा आहे. नव्वदच्या दशकात त्यांची जैन इरिगेशन कंपनी शेतीबाहेरच्या धंद्यांत शिरली, वित्तव्यवसायापर्यंत गेली आणि जबर तोट्यात आली. तेव्हा त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली. चूक आपली आहे हे छापून सांगितलं आणि पुन्हा शेती-पाण्याकडे वळले. यश मिळाल्यावर धाडसाच्या गोष्टी सांगणारे खूप भेटतात. भर अडचणीत नाव लावून चूक कबूल करणारा क्वचित.

ठिबक खानदेशात रुजलं त्यामागे पाण्याची जुनी समज आहे. धुळे भागात पांझरा नदीवर फड या सामुदायिक सिंचन पद्धतीने शेतकरी कित्येक पिढ्या पाणी वाटून घेत आले. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात परिस्थिती उलटी झाली होती. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल जात राहिल्या, आणि केळीला पाणी मात्र मोकाटच द्यायचं ही सवय. त्यात कुणी येऊन सांगायचं की थेंबथेंब द्या. वाफा भरलेला दिसत नाही, माती वरून कोरडी, खर्च आधी, पीक नंतर. ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या उतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांचंही तसंच. घरच्या कंदांची लागवड सोडून प्रत्येक रोप पैसे मोजून आणायचं. पहिल्या ज्या शेतकऱ्यांनी हे केलं, त्यांच्या बांधावर शेजारी येऊन उभे राहायचे, नळीखालची माती बोटाने उकरायचे आणि ओल कुठवर गेली आहे ते बघायचे.