ठिणगी कुठे हरवते: जुन्या गाडीच्या इग्निशनची पार्श्वभूमी

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आलेलं दिसतं, तरी गाडी काही चालू होत नाही. प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसडर सांभाळणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. मग आधी प्लग बदलले जातात, नंतर कॉइल (व्होल्टेज वाढवणारं तारेचं वेटोळं), नंतर हाताला लागेल ते. पैसे जातात, दोष तसाच राहतो. ही यंत्रणा कशी घडली हे ठाऊक असेल, तर शोध कुठून सुरू करायचा हे बरंचसं उलगडतं.

इंजिनात ठिणगी पाडायची कल्पना मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. लेन्वारने १८६० मध्ये पॅरिसमध्ये आपलं गॅस इंजिन बॅटरी आणि इंडक्शन कॉइलवर चालवलं. डाइमलरने ठिणगीऐवजी तापलेल्या नळीने इंधन पेटवायचा मार्ग धरला, तर कार्ल बेन्झच्या १८८६ च्या गाडीत बॅटरी आणि सतत थरथरणारी कॉइल होती. पण ती बॅटरी चालता चालता चार्ज होत नसे. म्हणून मॅग्नेटो, म्हणजे इंजिनच्या फिरण्यावरच चुंबकाने वीज तयार करणारं यंत्र, पुढे आलं. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्याकडे काम करणाऱ्या गॉटलोब होनोल्डने उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याच्याबरोबर चालणारा स्पार्क प्लग तयार केला. बॅटरीची गरज संपली, पण हँडल मारताना इंजिन हळू फिरतं आणि नेमकी तेव्हाच मॅग्नेटोची ठिणगी कमजोर असते.

या अडचणीवर ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगने उत्तर शोधलं. त्याची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची (इंजिनबरोबर उघडमीट होऊन करंट तोडणाऱ्या संपर्कांची) पद्धत कॅडिलॅकने १९१० च्या मॉडेलवर घेतली. १९१२ मध्ये त्याच कंपनीच्या गाड्यांत इलेक्ट्रिक सेल्फ आला. सेल्फसाठी दमदार बॅटरी आणि ती चार्ज करणारा जनरेटर गाडीत आल्यावर मोटारीत मॅग्नेटोचं काम उरलं नाही. पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच मांडणीवर धावल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० आणि पद्मिनी त्यातल्याच. मुंबईची काळीपिवळी कित्येक दशकं केटरिंगच्या ठिणगीवर चालली.

या मांडणीचं मर्म कंडेन्सरमध्ये, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या, वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या भागात आहे, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच सर्वात जास्त होतं. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून १२ व्होल्टचा करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये कित्येक हजार व्होल्ट उठतात. पण करंट सहजासहजी थांबत नाही, तो उघडणाऱ्या पॉइंटमधून उडी मारू पाहतो. तसं झालं तर क्षेत्र सावकाश ओसरतं आणि प्लगला दम मिळत नाही. कंडेन्सर तो करंट क्षणभर स्वतःकडे घेतो, म्हणून तोड झटकन होते. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने इंडक्शन कॉइलला कंडेन्सर जोडला तो १८५३ मध्ये, म्हणजे मोटार जन्मायच्या तीसेक वर्षं आधी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा ही तोडजोड सेकंदाला १०० वेळा होते. म्हणून कंडेन्सर खराब झाला की पॉइंटवर लख्ख ठिणग्या दिसतात, ते लवकर काळे पडतात, आणि गाडी गरम झाली की बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. गरम झाल्यावर बंद पडण्याचा दोष कॉइलचाही असू शकतो. तेव्हा आधी स्वस्तातला कंडेन्सर बदलून पाहावा, असं माझं ठाम मत आहे.

कॉइल हा या यंत्रणेतला दुभाजक. तिच्या अलीकडे १२ व्होल्ट, पलीकडे हजारो. तपासही तिथूनच दोन वाटांनी करायचा. अलीकडे पाहायचं ते असं: इग्निशन चालू केल्यावर कॉइलला करंट पोहोचतो का, आणि डिस्ट्रिब्युटरकडच्या (ज्यात पॉइंट असतात आणि जो ठिणगी एकेका प्लगला वाटतो, त्या भागाकडच्या) टर्मिनलला लावलेला टेस्ट लॅम्प इंजिन फिरवताना उघडझाप करतो का. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा घाण आहेत, अजिबात पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. उघडझाप होत असेल तर कॉइलची मधली जाड वायर इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायची. पेट्रोल गळत असेल तिथे हे मुळीच करू नये. निळी, कडक ठिणगी आली तर दोष पुढे आहे: डिस्ट्रिब्युटरची कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, वायरी किंवा प्लग. आपल्याकडे पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते, मग तिथल्या काजळीच्या बारीक रेषेवरून करंट परस्पर निसटतो. आणि उघड्या हवेत दिसलेली ठिणगी पुरेशी मानू नये. सिलिंडरमध्ये दाब असतो, तिथे तीच ठिणगी पाडायला बराच जास्त व्होल्टेज लागतो.

१९७३ च्या मॉडेलपासून क्रायस्लरने अमेरिकेत सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं आणि पॉइंट हळूहळू मागे पडले. आज जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतात, ते चांगले चालतात. तरी पॉइंट आणि कंडेन्सरचा एक जोड डिकीत ठेवावा. व्हॅक्यूम अॅडव्हान्सच्या (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या) डिस्ट्रिब्युटरमध्ये हलत्या प्लेटची बारीक अर्थ वायरही पाहून घ्यावी. ती आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं, आणि ठिणगी प्लेट हलेल तशी येते-जाते.