डांबरावर फोर व्हील का नको

पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी काळ्या रानातली पाणंद वाळत नाही. अशा वाटेने गावाकडे निघालेली जुनी जिप्सी किंवा जीप फोर व्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना जाईल अशी, असते आणि असावीच. घोटाळा पुढे होतो. पाणंद संपते, गाडी डांबरी रस्त्याला लागते, तिथे काटकोनात वळायचं असतं आणि फोर व्हीलची लिव्हर तशीच राहिलेली असते. स्टिअरिंग एकाएकी जड होतं, टायर कुरकुरतात, कुणीतरी मागून धरल्यासारखी गाडी अडखळते. बहुतेक जण अशा वेळी ॲक्सिलरेटर आणखी दाबतात आणि नेमकं तिथेच नुकसान होतं.

वळताना चारही चाकं सारखं अंतर चालत नाहीत. खळ्याच्या मधल्या मेढीभोवती बैलांची पात फिरते तेव्हा मेढीजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो आणि कडेच्या बैलाला मात्र झपाझप चालावं लागतं. चाकांचं तसंच आहे. डाव्या-उजव्या चाकांमधला हा फरक डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा संच, सांभाळतं. पण आणखी एक फरक असतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात.

किती मोठ्या? जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये २३७५ मिलीमीटर अंतर असतं. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने पुढच्या ॲक्सलच्या मध्याची त्रिज्या सुमारे ५.५४ मीटर येते. काटकोनातल्या एका वळणात मागची चाकं सरासरी ७.८५ मीटर चालतात, तर पुढची ८.७ मीटरच्या आसपास. म्हणजे एका वळणात जवळपास ८४ सेंटिमीटरचा फरक.

साध्या टू व्हीलमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना असताना, या ८४ सेंटिमीटरची कुणाला फिकीर नसते, कारण पुढची चाकं मोकळी फिरत असतात. पण लिव्हर फोर एचला (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकली की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढेमागे जोर वाटणारी गिअरपेटी, पुढचा आणि मागचा जॉइंट शाफ्ट (ॲक्सलकडे फेरा नेणारे दांडे) एकमेकांना घट्ट जखडून टाकते. दोन्ही शाफ्टना सारखेच फेरे घ्यावे लागतात. सदैव चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत या दोघांच्या मधे तिसरं डिफरन्शियल असतं. जुन्या जीप-जिप्सीत ते नाही. मग फरक मुरतो कुठे? जमिनीत. चिखलात एखादं चाक थोडं घसरतं आणि हिशेब चुकता होतो. या गाड्या बनवणाऱ्यांनी जमीन निसरडी असणार हे गृहीतच धरलेलं आहे. चिखल हा इथे यंत्रणेचाच एक सुटा भाग आहे म्हणा ना.

कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक ०.७ ते ०.८ च्या घरात असतो. टायर सहजी सोडत नाही. मग शाफ्टला पीळ बसतो, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांवर ताण साठत जातो. तीस वर्षांच्या गाडीत यातला कोणता भाग आधी हात टेकेल हे मिस्त्रीही छातीठोकपणे सांगणार नाही. पीळ बसला की लिव्हरही निघत नाही, कारण दाते एकमेकांवर दाबले गेलेले असतात. तिच्याशी झटापट करू नये. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी, किंवा एका बाजूची चाकं साईडपट्टीच्या मातीवर उतरवावीत. पीळ सुटतो आणि लिव्हर दोन बोटांनी निघते.

आता आपली जमीन. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं भरपूर असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. शिवाय ती टायरच्या खाचांत भरून बसते. खाचा बुजल्या की नवा टायरसुद्धा टकला होतो. परभणी, हिंगोलीच्या भारी रानात भाद्रपदात फोर व्हील लागते ती यासाठी, आणि तिथे ती बिनधास्त वापरावी. बालाघाटाच्या डोंगरातला कोरडा मुरूम मधल्या गटातला: सरळ चढाला फोर व्हील चालते, आखूड वळणांना नको. पावसाने ओलं झालेलं डांबर मात्र या कामासाठी कोरडंच समजावं. फोर व्हीलमध्ये गाडी लवकर थांबते असं ठासून सांगणारे भेटतात. ब्रेक टू व्हीलमध्येही चारही चाकांना लागतात, त्यामुळे थांबायच्या अंतरात लिव्हरने काही फरक पडत नाही.

जुन्या गाडीचं खरं दुखणं टायरमध्ये असतं. पुढे नवी जोडी आणि मागे घासलेली, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. २०५/७० आर १५ मापाचा टायर सुमारे ६६८ मिलीमीटर व्यासाचा असतो. तो ५ मिलीमीटर झिजला की व्यास १० मिलीमीटरने, म्हणजे दीड टक्क्याने कमी होतो. मग नाकासमोर सरळ जातानाही मागच्या चाकांना किलोमीटरमागे सातेक फेरे जास्त हवे असतात, आणि जखडलेले शाफ्ट ते देत नाहीत. म्हणून फोर व्हील वापरणाऱ्याने चारही टायर एका मापाचे, साधारण सारखे झिजलेले ठेवावेत आणि हवा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे भरावी. रिमोल्ड (नवं रबर चढवलेले जुने टायर) घालायचेच तर चारही घालावेत.

पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाक ॲक्सलशी जोडणारे किंवा मोकळं करणारे खटके, असतील तर दोन्ही लॉक हवेत. एक लॉक आणि एक मोकळा राहिला, तर डिफरन्शियल सगळा फेरा मोकळ्या बाजूला देऊन टाकतं आणि पुढून काडीचाही जोर मिळत नाही. माणूस मात्र फोर व्हीलमध्ये आहे या भरवशावर रुतत जातो. पावसाळ्यात रानात निघताना घरीच दोन्ही हब लॉक करावेत. लिव्हर टू एचला (फक्त मागची चाकं) असेपर्यंत डांबरावर त्याचा त्रास नाही, थोडं डिझेल किंवा पेट्रोल जास्त जातं इतकंच. हब खरंच पकडतात का, हे पाहायला इंजिन बंद करून, मागच्या चाकांना दगड लावून, लिव्हर फोर एचला टाकावी आणि पुढचं एक चाक जॅकवर उचलावं. हाताने ते फिरलं तर दोन्हींपैकी एखादा हब, नाहीतर आतलं काहीतरी पकडत नाही. तसंच दुसऱ्या बाजूला. या अवस्थेत इंजिन चालू करायचं नाही. जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून ओढून नेतील.

फोर एल, म्हणजे चारही चाकांचा लो गिअर, गाडी पूर्ण थांबवूनच टाकावा. काही जुन्या विलीज जीपमध्ये हा लो गिअर २.४६ पट आहे, म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकाशी अडीच पट जोर आणि वेग त्याच हिशेबाने कमी. रुतलेल्या चाकावर हा जोर झटक्याने पडला तर ॲक्सल शाफ्ट मुळ्यासारखा तुटतो. क्लच हळू सोडावा, आणि चाक जागीच फिरू लागलं तर थांबून फावडं काढावं. आणखी एक: ट्रान्सफर केसची लिव्हर न्यूट्रलला राहिली, तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनही उतारावर घरंगळते. चढावर उभी करताना दगड लावायला विसरू नये.

ओढा ओलांडायचा तर आधी पाण्याचा अंदाज घ्यावा. गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ ४ चौरस मीटर धरलं, तर तळाच्या वर चढणारं प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी, आत शिरेपर्यंत, ४०० किलोची उचल देतं. जेमतेम टनभराची जिप्सी अशाने लगेच हलकी होते, आणि चाकांवर वजनच नसेल तर चारही चाकं फिरवून उपयोग काय? पुलावरून वाहतं पाणी असेल तर विषयच संपला. उथळ ओढ्यातही एक खोच आहे. लांबून धावत आलेल्या गाडीचा ॲक्सल तापलेला असतो. थंड पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि बुजलेल्या ब्रीदरमुळे (ॲक्सलला हवा घेऊ-सोडू देणाऱ्या नळीमुळे) तिला बाहेरची हवा मिळाली नाही, तर जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून काठावर पाच-दहा मिनिटं थांबावं, ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली नाही ना ते पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट किंचित सैल करावा. ऑइल थेंबाथेंबाने दुधट आलं, तर ते सगळं काढून नवं भरल्याशिवाय गाडी लांब न्यायची नाही.