सामायिक डिझाइन सिस्टीम: छापील पुस्तिकेपासून टोकनपर्यंत

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकला येणाऱ्या भाविकाला पार्किंग, निवास आणि हरवलेल्या माणसांचा शोध यांसाठी वेगवेगळी ॲप वापरावी लागली आणि मदतीचे बटण प्रत्येकात निराळ्या जागी, निराळ्या रंगात असले, तर ऐन गर्दीत त्याची तारांबळ उडेल. अनेक गट एकाच माणसासाठी काम करतात तेव्हा ही अडचण येतेच. सर्व गटांनी रूप आणि मांडणीचे एकच नियम व घटक वापरायचे, या उपायाला आज डिझाइन सिस्टीम म्हणतात; पण असे उपाय संगणकाच्या पडद्याहून जुने आहेत.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील पाट्यांमध्ये मेळ नव्हता. मासिमो विनेली आणि बॉब नूर्डा यांनी १९७० मध्ये अक्षरवळण, रंग आणि बाण ठरवून देणारी नियमपुस्तिका तयार केली. ॲपलने १९८७ मध्ये मॅकिंटॉशच्या पडद्यासाठी अशीच मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मात्र छापील नियम प्रत्येकाला वाचून आपापल्या हाताने उतरवावे लागत, आणि फरक नेमका तिथेच शिरे.

नियमच कोडच्या रूपात वाटण्याची वाट रुंद केली ती बूटस्ट्रॅपने, म्हणजे वेबपानांसाठीच्या तयार बटणे, फॉर्म अशा घटकांच्या कोडसंचाने. मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ट्विटरच्या अंतर्गत कामातील विसंगती घालवण्यासाठी ते रचले आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केले. २०१३ मध्ये वेब डिझायनर ब्रॅड फ्रॉस्ट यांनी लहान घटकांपासून पूर्ण पानापर्यंत चढत जाणारी मांडणी सुचवली. पुढच्याच वर्षी गूगलची मटेरियल डिझाइन ही डिझाइन सिस्टीम आली. माझ्या मते याहून मोलाची भर सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीत आकाराला आलेल्या डिझाइन टोकनची आहे. रंग, अंतर, अक्षराचा आकार यांच्या मूल्यांना नावे देऊन ती एकाच ठिकाणी ठेवायची आणि वेबसाइट, अँड्रॉइड, आयफोन या सर्वांनी तिथूनच घ्यायची, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे एक बदल सगळीकडे पोहोचतो.

मराठीसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. शिरोरेषेवर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार घेणाऱ्या देवनागरीला रोमन लिपीपुरते बेतलेले ओळींमधील अंतर पुरत नाही आणि बटणातला उकार कापला जातो. मटेरियलच्या मार्गदर्शिकेने हिंदीला ‘उंच’ लिप्यांच्या गटात ठेवून जादा उंचीची तरतूद सुचवली होती. सरकारी संकेतस्थळांसाठी भारतात २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. त्यांच्या जोडीला नाशिकच्या गटांनी टोकनचा एक सामायिक संच ठरवायचा झाला, तर लिपीनुसार ओळीची उंची त्यात पहिल्याच दिवशी असावी. घटक बनून गेल्यावर ती वाढवायची म्हणजे प्रत्येक बटण, तक्ता आणि फॉर्म नव्याने मांडणे आले.