मुसोलिनी, बेनीतो : युद्धातील जखम व खासगी जीवन

इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा बेनीतो मुसोलिनी (१८८३–१९४५) पहिल्या महायुद्धात बेर्सालिएरी पायदळात होता. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी कार्सोच्या पठारावर तो जबर जखमी झाला, पण शत्रूच्या माऱ्याने नव्हे. सराव चालू असताना, वारंवार डागून तापलेली आपल्याच बाजूची उखळी तोफ फुटली. शेजारचे काही सैनिक जागीच ठार झाले आणि त्याच्या अंगात लोखंडाचे तुकडे घुसले. चाळीसहून अधिक तुकड्यांचा आकडा मुख्यतः त्याच्याच लेखनातून रूढ झाला असल्याने तो जपून घ्यावा. रोंकीच्या लष्करी रुग्णालयात ७ मार्चला राजा तिसरा व्हित्तोरिओ एमान्युएले याने त्याची विचारपूस केली. याच राजाने त्याला १९२२ मध्ये पंतप्रधान नेमले व १९४३ मध्ये पदच्युत केले.

उपचार महिनोन्‌महिने लांबले. त्यावरून खरे दुखणे उपदंशाचे (सिफिलिस या गुप्तरोगाचे) होते व जखमेच्या आडून ते झाकले गेले, असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. मात्र १९४५ मध्ये मिलानला झालेल्या शवविच्छेदनात उपदंशाची खूण मिळाली नाही. अमेरिकेत नेऊन तपासलेल्या मेंदूच्या भागातही ती आढळली नाही (हा भाग १९६६ मध्ये विधवा राकेले हिला परत मिळाला). त्यामुळे दीर्घ उपचारांचे कारण जखमांमध्येच शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

राकेले गुईदीशी त्याचा नागरी विवाह डिसेंबर १९१५ मध्ये, तो आजारी असताना त्रेव्हील्यो येथील रुग्णालयात झाला. धार्मिक विधी १९२५ मध्ये झाला. थोरली मुलगी एद्दा १९१० ची. शेवटच्या काळातील प्रेयसी क्लारा पेताच्ची २८ एप्रिल १९४५ रोजी त्याच्यासोबतच मारली गेली.

ईदा दाल्सेर हिचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९१४ च्या सुमारास आपला त्याच्याशी चर्चमध्ये विवाह झाला, असे ती सांगे. विवाहाची नोंद मात्र सापडलेली नाही. तरीही ऑक्टोबर १९१६ च्या मिलान नगरपालिकेच्या दाखल्यात सैनिक मुसोलिनीचे कुटुंब म्हणून ‘पत्नी ईदा दाल्सेर व एक मूल’ असेच लिहिलेले आहे. हे मूल म्हणजे नोव्हेंबर १९१५ मध्ये जन्मलेला बेनीतो आल्बीनो. मुसोलिनीने त्याचे पितृत्व जानेवारी १९१६ मध्ये मान्य केले होते. एवढा पुरावा असूनही ईदाचा दावा केवळ वेडाचा भर ठरवण्यात आला, हा तिच्यावरील उघड अन्याय होय. १९२६ मध्ये तिला मनोरुग्णालयात डांबले गेले आणि १९३७ मध्ये व्हेनिसजवळच्या सान क्लेमेंते बेटावर ती वारली. मुलाला दत्तक देऊन त्याचे आडनाव बेर्नार्दी करण्यात आले. १९४२ मध्ये मिलानजवळच्या मोंबेल्लो मनोरुग्णालयात वयाच्या २६ व्या वर्षी तोही मरण पावला.