हँडल एकाचे, हेड दुसऱ्याचे

विजेवर चालणाऱ्या टूथब्रशचे हँडल नीट वापरले तर चार-पाच वर्षे सहज टिकते, पण त्यावर बसवायचे हेड दर तीन महिन्यांनी बदलावे, असे दंतवैद्य आणि उत्पादक दोघेही सांगतात. म्हणजे एका माणसाला वर्षाला चार आणि हँडलच्या आयुष्यभरात सोळा ते वीस हेड्स लागतात. चौघांच्या घरात हा आकडा सत्तर-ऐंशीच्या घरात जातो. सणासुदीला हँडलवर घसघशीत सवलत मिळते आणि हेडवर फारशी मिळत नाही, यामागचे गणित जुनेच आहे. दाढीचे यंत्र स्वस्तात देऊन पात्यांवर कमवायचे, हा तो व्यवहार. टूथब्रश बनवणारी ओरल-बी ही कंपनी १९८४ मध्ये जिलेटने विकत घेतली होती आणि २००५ मध्ये ती जिलेटबरोबरच प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेली, हा निव्वळ योगायोग मानायचा की नाही, ते वाचकांनी ठरवावे. या पार्श्वभूमीवर दुसऱ्या एखाद्या उत्पादकाने एका मूळ हेडच्या किमतीत तीन-चार हेड्सचे पाकीट देऊ केले, तर ते घ्यावेसे वाटणे अगदी साहजिक आहे. ते घ्यावे का, याचे उत्तर किमतीत नसून त्या हेडच्या घडणीत आहे आणि ती घडण बऱ्याच अंशी घरच्या घरी तपासता येते.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. बाजारात मूळ कंपनीखेरीज जी हेड्स मिळतात, ती दोन जातींची असतात. पहिल्या जातीत उत्पादक स्वतःचे नाव छापतो आणि आपले हेड अमुक ब्रशच्या हँडलवर बसते, एवढेच सांगतो. हा सरळ व्यवहार आहे आणि त्यातला माल चांगलाही असू शकतो. दुसऱ्या जातीत मूळ कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि वेष्टन यांची हुबेहूब नक्कल केलेली असते. हा बनावट माल आहे आणि अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने असा माल बंदरांवर आणि विमानतळांवर पकडलेला आहे. जो उत्पादक स्वतःचे नावच लपवतो, त्याने आतल्या प्लास्टिकबाबत आणि तंतूंबाबत प्रामाणिकपणा राखला असेल, असे मानायला काही आधार नाही. म्हणून यापुढचे विवेचन पहिल्या जातीपुरतेच आहे.

दात घासण्याचे खरे काम हँडल करत नाही, ते तंतूंची टोके करतात. २४ फेब्रुवारी १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनचे तंतू असलेला टूथब्रश विक्रीला आला आणि तोपर्यंत वापरात असलेले डुकराचे राठ केस हळूहळू मागे पडले. पण ते पहिले नायलॉनही टोचणारेच होते. नायलॉनचा तंतू कापला की त्याच्या कडेला सूक्ष्म धार राहते आणि ही धार हिरडीवर दिवसातून दोन वेळा, मिनिटाला हजारो वेळा घासली जाते. कॅलिफोर्नियातील दंतवैद्य रॉबर्ट हटसन यांनी १९५० च्या सुमारास मऊ, टोके गुळगुळीत केलेल्या तंतूंचा ब्रश आणला, त्यातूनच पुढे ओरल-बी हे नाव रुजले. आज चांगल्या कारखान्यात झुपके बसवून झाल्यावर तंतूंची टोके अपघर्षक चकतीवर घासून घुमटासारखी गोल केली जातात. या टप्प्याला वेळ आणि काटेकोरपणा दोन्ही लागतात. खर्च वाचवायचा झाला तर सगळ्यांत आधी कात्री लागण्याजोगी जागा हीच, कारण दुकानात नुसत्या डोळ्यांनी हा फरक दिसत नाही.

भिंगातून मात्र तो दिसतो. मऊ ब्रशचा तंतू साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. सराफ वापरतात तसल्या दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली तो दोन मिलिमीटरच्या आसपास दिसतो, आणि एवढे पुरेसे आहे. खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात हेड आडवे धरून झुपक्याच्या कडेचे तंतू पाहावेत. नीट घडवलेल्या तंतूचे टोक काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखे गोलसर दिसते. निकृष्ट तंतूचे टोक सपाट, तिरके छाटलेले किंवा एका बाजूला कुसळ निघालेले असते. मूळ हेड शेजारी ठेवून तुलना केली की नजर लवकर तयार होते. मूळ हेडमध्येही काही टोके अर्धवट घासलेली आढळतात, त्यामुळे एका-दोन वेड्यावाकड्या तंतूंवरून निकाल देऊ नये. बहुतेक टोके कशी आहेत, ते पाहावे. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. काही हेड्समध्ये पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट या पॉलिएस्टरचे तंतू असतात आणि त्यांची टोके रसायनात विरघळवून मुद्दाम सुईसारखी निमुळती केलेली असतात. ती भिंगाखाली भयंकर दिसतात, पण टोकाशी इतकी लवचीक असतात की हिरडीला लागताच वाकतात. निमुळते टोक आणि छाटलेले टोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धारदार टोकांमुळे दातांवर चरे पडतील, ही भीती मात्र अनाठायी आहे. दाताचे इनॅमल नायलॉनपेक्षा कितीतरी कठीण असते. ब्रश करताना दात झिजतात ते मुख्यतः पेस्टमधल्या अपघर्षक कणांमुळे आणि हाताच्या दाबामुळे. छाटलेल्या टोकांचा उपद्रव होतो तो मुख्यतः हिरड्यांना.

नायलॉन कोणत्या प्रकारचे आहे, हे मात्र भिंगातूनही कळत नाही. दर्जेदार ब्रशसाठी सहसा नायलॉन ६१२ वापरतात. ते पाण्यात ठेवले तर वजनाच्या सुमारे तीन टक्के पाणी शोषते, तर स्वस्त नायलॉन ६ नऊ-दहा टक्क्यांपर्यंत शोषू शकते. पाणी शोषलेला तंतू मऊ पडतो आणि वाकल्यावर पुन्हा ताठ उभा राहण्याची त्याची क्षमता कमी होते. परिणामी काही हेड्स पहिल्या दिवशी उत्तम वाटतात आणि महिन्याभरात बाहेरच्या बाजूला फिसकारतात. तीन महिन्यांऐवजी पाच आठवड्यांत हेड टाकावे लागले, तर स्वस्ताईचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

झुपके हेडमध्ये कसे रोवले आहेत, हे तपासणे सोपे आहे: चिमट्याने दोन-तीन झुपके बेताने ओढून पाहावेत. विजेवर चालणाऱ्या ब्रशांसाठी आयएसओ २०१२७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्या हेडची त्यानुसार चाचणी घेतल्याचे जो उत्पादक पाकिटावर नमूद करतो, तो निदान तपासता येईल असे काहीतरी सांगत असतो. ‘डेंटिस्टनी शिफारस केलेले’ एवढ्याच मजकुराला तसा अर्थ नाही.

आता हेडच्या आतल्या यंत्रणेकडे वळू, कारण इथे ब्रशच्या दोन घराण्यांचा न्याय वेगवेगळा आहे. गोल हेडच्या ब्रशमध्ये हँडलचा धातूचा दांडा उलटसुलट फिरतो आणि हेडच्या नळीतली एक छोटी खीळ ही हालचाल काटकोनात वळवून गोल चकतीला देते. म्हणजे हेडमध्येच एक लहानसे यंत्र आहे. दांडा ज्या खोबणीत बसतो ती सैल असेल, तर दर फेऱ्याला खीळ थोडी मोकळी फिरते, चकतीला मिळणारी गती कमी होते आणि नव्या हेडमधून खडखड ऐकू येऊ लागते. ही खडखड निरुपद्रवी नसते. खोबणी आणि दांडा दोन्ही त्यात झिजतात, आणि दांडा महागड्या हँडलचा भाग असतो.

सोनिक ब्रशची गोष्ट भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अधिक रंजक आहे. त्याच्या हेडमध्ये फिरणारा भाग नसतो. हँडलच्या दांड्याबरोबर अख्खे हेडच काही अंशांत झुलते. फिलिप्सच्या सोनिकेअर ब्रशांच्या जाहिरातीत मिनिटाला ३१,००० फटकारे असा आकडा असतो. त्याला साठाने भागले की सेकंदाला सुमारे ५१७ फटकारे येतात, आणि एका पूर्ण आवर्तनात जाण्याचा एक व येण्याचा एक असे दोन फटकारे धरले तर वारंवारता सुमारे २६० हर्ट्झ ठरते. संवादिनीवर मध्य सप्तकातल्या पांढरी एकचा स्वर साधारण याच वारंवारतेचा असतो, त्यामुळे कान तयार असलेल्या माणसाला ब्रशचा सूर चटकन ओळखता येतो. इतक्या वेगाने हेड हलवायला लहान बॅटरीची ताकद पुरते, याचे कारण अनुनाद. दांडा, त्याची स्प्रिंग आणि त्यावरचे हेड यांची मिळून एक स्वाभाविक वारंवारता असते. विद्युतचुंबक त्याच तालात धक्के देत राहतो आणि झोक्याला योग्य वेळी दिलेल्या हलक्या हातासारखे थोडक्या ऊर्जेत मोठे आंदोलन मिळते.

या हिशेबात हेडचे वजन, आणि ते अक्षापासून किती दूर पसरले आहे, हे धरलेले असते. दुसऱ्या उत्पादकाचे हेड थोडे जड किंवा रुंद झाले, तर ही स्वाभाविक वारंवारता खाली सरकते. हँडल मात्र आपल्या ठरलेल्या तालातच धक्के देते आणि दोहोंचा मेळ सुटला की झुलण्याचा पल्ला घटतो. ब्रश बंद पडत नाही, गुणगुणतही राहतो. फक्त दातांवरची हालचाल कमी आणि हातात जाणवणारी थरथर जास्त, असा प्रकार होतो. म्हणून सोनिक ब्रशसाठी पर्यायी हेड निवडताना आकाराने आणि वजनाने मूळ हेडच्या शक्य तितके जवळचे निवडावे. जीभ घासायची जाड पट्टी किंवा नक्षीदार रबर चिकटवलेली हेड्स इथे शोभेची ठरतात. हेड आणि हँडल यांच्यात दिसणारी बारीक फट मात्र दोष नव्हे. दोन्ही भाग एकमेकांना घासू नयेत, यासाठी ती मूळ हेडलाही ठेवलेली असते, आणि ती बुजवण्यासाठी हेड जोर लावून खाली दाबणे चुकीचे आहे.

हेड तोंडात निघून येण्याचा धोका खरा आहे, पण तो पर्यायी हेड्सपुरता नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये आर्म अँड हॅमर स्पिनब्रशबद्दल ग्राहकांना सावध केले होते. वापरताना हेडचे भाग निखळल्याने दात टवका उडून फुटणे, तोंडात जखमा होणे, तुकडे गिळले जाणे किंवा घशात अडकणे असे प्रकार नोंदले गेले होते. तो ब्रश त्या कंपनीच्याच नावाने विकला जात होता. तेव्हा हेड कोणाचेही असो, ब्रश सुरू करण्यापूर्वी ते हाताने ओढून पाहावे आणि लहान मुले ब्रश करताना मोठ्यांनी जवळ राहावे.

पर्यायी हेड्सच्या जाहिरातीत ‘हाताच्या ब्रशपेक्षा अधिक स्वच्छता’ असे वाक्य हमखास असते. या दाव्यामागचा भक्कम आधार म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१४ चा आढावा. त्यात ५६ अभ्यास विचारात घेतले गेले आणि तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर विजेच्या ब्रशमुळे दातांवरचा जिवाणूंचा थर, म्हणजे प्लाक, २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांचा दाह ११ टक्क्यांनी अधिक कमी झाल्याचे आढळले. सर्वाधिक पुरावा उलटसुलट फिरणाऱ्या गोल हेडच्या बाजूने होता. परंतु चाचणी होते ती हँडल आणि हेड यांच्या जोडीची. एका जोडीला मिळालेले गुण दुसऱ्याच हेडच्या पाकिटावर छापणे म्हणजे उसनवारी आहे. त्याचबरोबर, पर्यायी हेड कुचकामी असते, असेही या आढाव्यातून निघत नाही.

माझ्या मते खरी तुलना मूळ हेड आणि स्वस्त हेड यांच्यात बहुतेक घरांत होतच नाही. ती होते सहा-आठ महिने वापरून चोथा झालेले मूळ हेड आणि नवे कोरे पर्यायी हेड यांच्यात. किंचित झिजलेल्या ब्रशने सफाई फारशी घटत नाही, असे काही अभ्यास सांगतात. पण तंतू चहूकडे पसरले की ते दात आणि हिरडी यांच्या सांध्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि फरक पडतो. महाग आहे म्हणून हेड बदलायचे टाळणाऱ्या माणसाने गोल टोकांचे, घट्ट बसणारे स्वस्त हेड वेळेवर वापरावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. हिरड्यांवर उपचार चालू असतील किंवा इम्प्लांट बसवलेले असेल, त्यांनी मात्र आपल्या दंतवैद्याला हेड दाखवूनच निर्णय घ्यावा.

भारतात खरेदी करताना पाकीट वाचण्याचा कंटाळा करू नये. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे आयात मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, नगांची संख्या, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश यांचा उल्लेख आवश्यक आहे, आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरही मूळ देश दिसला पाहिजे. प्लास्टिकच्या साध्या पिशवीत, कोणताही पत्ता नसलेली आठ हेड्स आली, तर ती भिंगाखाली धरण्याचीही गरज नाही. हँडलच्या हमीपत्रातली अटही आधीच पाहून ठेवावी, कारण पर्यायी हेडमुळे झालेले नुकसान बऱ्याच उत्पादकांच्या हमीत बसत नाही.

फिलिप्सच्या अनेक हेड्समध्ये आता एक छोटी चिप असते. ती वापराची नोंद ठेवते आणि हेड बदलायची वेळ झाली की हँडलवर दिवा लागतो. रोज दोन वेळा, दोन-दोन मिनिटे या हिशेबाने तीन महिन्यांत सुमारे ३६० मिनिटांचा वापर होतो. चिप नसलेले पर्यायी हेड त्या हँडलवर चालते, फक्त ही आठवण मिळत नाही. त्यासाठी हेडच्या बुडाशी न पुसल्या जाणाऱ्या पेनाने सुरुवातीची तारीख लिहिली की काम भागते.