धुऱ्यावरच्या झाडांचं कार्बन क्रेडिट: अर्ज कुठे अडतो

चिखलदऱ्याच्या कॉफीच्या बागा पाहून आलेले काटोल-नरखेडकडचे शेतकरी एकच प्रश्न घेऊन येतात: कॉफीवर सावली धरणाऱ्या झाडांना म्हणे कार्बनचे पैसे मिळतात, मग आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सागाला का नाही? प्रश्न रास्त आहे. अशा बागेत कॉफीच्या झुडपांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन वरच्या मोठ्या झाडांत आणि खालच्या मातीत असतो. पण साठलेला कार्बन वेगळा आणि विकता येणारा वेगळा. क्रेडिट, म्हणजे झाडांनी हवेतून ओढून साठवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र, मिळतं ते प्रकल्प सुरू झाल्यावर जी जास्तीची वाढ झाली तिचं. आजोबांनी लावलेला आंबा कितीही डेरेदार असो, त्याची नोंद ‘आधीपासून होता’ एवढीच होते. हे आधी कोणी सांगत नाही आणि माणसं शंभर झाडांचे फोटो काढून आणतात.

हा अनुदानाचा अर्ज नाही. एकेकट्या शेतकऱ्याला तो परवडतही नाही. प्रकल्प राबवणारी संस्था अनेक शेतकऱ्यांची वावरं एकत्र करून नोंदणी करते. त्यामुळे ‘सरकारी योजना आहे, फी भरा’ म्हणणारा दारात आला तर पैसे देऊ नका.

पात्रतेत सगळ्यात नडणारी अट 10 वर्षांची आहे. व्हेरा ही कार्बन प्रकल्पांची नोंदणी करून क्रेडिट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्यासारख्यांच्या मानकात मागच्या 10 वर्षांत नैसर्गिक जंगल तोडून मोकळी केलेली जमीन चालत नाही. तपासणी उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून होते, तोंडी सांगून भागत नाही. डिंक्या रोगाने गेलेली संत्र्याची बाग काढली असेल तर ते जंगल नव्हे, पण चित्रात हिरवं दिसून पुढे उघडं दिसतं. म्हणून जुन्या सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीत संत्र्याची नोंद आहे का ते बघा. ती असेल तर उतारा जोडा. नसेल तर ते आधीच सांगून टाका.

आधार, पासबुक, आठ-अ ही कागदं सगळ्यांकडे असतात. अडतो तो सातबारा. वडील जाऊन बारा वर्षं झाली तरी नाव त्यांचंच. वारस फेरफार घातला की नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि सगळं सुरळीत असलं तरी महिना सहज निघतो. मग सामाईक खात्यातल्या प्रत्येकाची संमती लागते. वर्ध्याला, भंडाऱ्याला दिलेल्या बहिणींची सहीसुद्धा. ‘तिला काय विचारायचं’ म्हणून परस्पर अंगठा घेऊ नका. तो तिचा हक्क आहे, आणि करार पुढे अनेक वर्षं चालायचा आहे. भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्या. या कागदासाठी म्हाताऱ्या माणसांना तहसीलच्या पायऱ्या चार-चारदा चढायला लावणं मला अजिबात पटत नाही, पण आज तरी दुसरी वाट नाही.

तारखेचा घोळ सगळ्यात महागात पडतो. लोक अर्जाची शेवटची तारीख विचारतात. खरी महत्त्वाची असते लागवडीची तारीख. मृगाचा पाऊस पडला की झाडं लावायची आणि दिवाळीनंतर करार करायचा, असं केलं की ती झाडं ‘तशीही लावणारच होते’ या खात्यात जाण्याची भीती असते. आधी संस्थेशी लेखी बोलणं, मग खड्डे. रोपवाटिकेचं तारीख असलेलं पक्कं बिल जपून ठेवा. रोपं रोजगार हमीतून किंवा भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून घेतली असतील तर लपवू नका. एकाच गट नंबरची जमीन दोन संस्थांना दिली तर दोन्हीकडून बाद होण्याची वेळ येते.

पैशांचा हिशेब मनाशी नीट धरा. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. सुकलेल्या लाकडात जवळपास 47 टक्के कार्बन असतो, आणि कार्बनच्या वजनाला 3.67 ने गुणलं की डायऑक्साइडचं वजन येतं. म्हणजे एका क्रेडिटला मुळांसकट सुमारे 580 किलो सुक्या लाकडाएवढी वाढ लागते. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, 1.3 मीटरवर मोजतात. त्यातलेही काही क्रेडिट आग-वादळाच्या जोखमीपोटी राखून ठेवले जातात, म्हणून पहिल्या वर्षी हातात रक्कम येईल असं घरी सांगू नका.

सही करण्याआधी करार मराठीत मागा आणि तोडणीचं कलम दोनदा वाचा. सागवान मुलीच्या लग्नाला तोडायचं मनात असेल तर ते झाड अर्जात घालूच नका.