किल्लारी विसरायची म्हटलं तर

समजा, सरकारनं ठरवलं की लातूर-धाराशिवच्या लोकांच्या डोक्यातून किल्लारीचा भूकंप पुसून टाकायचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चारही वाजले नव्हते, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. आता भीती नको, शोक नको, ज्याचं घर पडलं आणि ज्याचं वाचलं त्यांच्यात फरक नको. भावना, आठवणी आणि वेगळेपण काढून घेतलेला असा मुकाट समाज विज्ञानकथांत वरचेवर भेटतो. खरोखर घडवता येईल का तो?

आठवणीपुरतं उत्तर ‘थोडंफार’ असं आहे. २००० साली मेंदूसंशोधक करीम नादेर, जोसेफ लेदू आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका आवाजाबरोबर विजेचा झटका देऊन त्या आवाजाला घाबरायला शिकवलं. पुढे नुसता आवाज ऐकवून भीती जागी केली आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डालामध्ये, म्हणजे भीती सांभाळणाऱ्या भागात, प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. नंतर ते उंदीर त्या आवाजाला फारसे घाबरेनात. भीती जागी न करता तेच औषध दिलं, तर ती जशीच्या तशी राहिली. म्हणजे आठवण निघाली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हायला नवी प्रथिनं मागते. माणसांत प्रोप्रानोलॉल ही रक्तदाबाची जुनी गोळी देऊन असंच करून पाहिलं गेलं. निकाल उलटसुलट आले.

धरून चालू की जमलं. किल्लारीत माणसं गेली ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीचे थर दिलेल्या सपाट छपराच्या, ओझ्याखाली. माळवद उन्हाळ्यात गार राहतं, गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची, ही पिढ्यांची रीत. भूकंपानंतर मात्र पत्र्याखाली घामाघूम होऊ पण माळवद नको, म्हणणारी माणसं झाली. ही भीती म्हणजे इंजिनिअरनं न शिकवलेलं बांधकामशास्त्रच. ती पुसली, तर मातीचे थर पुन्हा चढायला कितीसा वेळ लागणार?

बरं, भावना बोथट केल्या म्हणून माणूस शहाण्यासारखा वागेल, तर तेही नाही. मेंदूतज्ज्ञ अंतोनिओ दमासिओ यांनी कपाळामागच्या भागाला इजा झालेले रुग्ण तपासले. बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती शाबूत, पण कशाचंच काही वाटत नाही. अशा एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे मांडत बसला. दमासिओंनी शेवटी एक तारीख सांगितली, त्यानं ‘ठीक आहे’ म्हटलं आणि निघून गेला. अशा माणसांवर हुकूमशहाला राज्य करता येईल, पण पेरणी आज करायची की आणखी एका पावसाची वाट बघायची, हेही मग त्यालाच घरोघर जाऊन सांगावं लागेल.

वेगळेपण पुसणं तर सगळ्यात अवघड. २०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी जनुकांनी हुबेहूब अशा ४० उंदरिणी एकाच मोठ्या, बहुमजली पिंजऱ्यात तीन महिने ठेवल्या. एक पिंजरा, एकच खाणं, सारखीच जनुकं. तरी काही जणी सगळीकडे हुंदडू लागल्या, काही आपापला कोपरा धरून राहिल्या, आणि हा फरक दिवसेंदिवस वाढत गेला. जास्त फिरणाऱ्यांच्या मेंदूत, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, नव्या पेशीही जास्त दिसल्या.

समजा तोही फरक कोणी दाबलाच, तर काय होतं ते कापूसवाल्याला विचारा. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस २००२ साली देशात आला आणि बघता बघता शिवारंच्या शिवारं त्याच बीटी विषाच्या भरवशावर उभी राहिली. गुलाबी बोंडअळीनं ते विष पचवलं. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात बाहेरून धडधाकट दिसणारी बोंडं फोडली की आत अळी निघायची. खरं तर पिशवीबरोबर बिगर बीटी बियाणाची छोटी पुडी मिळायची. ते कडेनं पेरायचं, म्हणजे त्यावर साध्या अळ्या वाचतात, विष पचवणाऱ्यांशी त्यांची जोडी जमते आणि ती ताकद विरळ होत जाते. पण अळीला खायला घालण्यासाठी रान कोण अडवणार? पुडी बहुधा पेरलीच जात नसे. म्हणून पुढे बिगर बीटीचं बी त्याच पिशवीत मिसळून द्यायची पद्धत आली.